बहनजींची पेटी

खरे आडनावाचा माणूस मराठीच असणार, याबद्दल भानुमती चांदोरकरला तिळमात्र शंका नव्हती. ग्वाल्हेरला तिच्या माहेराला भिंत लागून खरे राहायचे, आत्याच्या जावेचं माहेर खऱ्यांचं, आणि लहानपणी तिला अंकलिपी शिकवणारे मास्तरही खरेच. त्यामुळे झाशीच्या नगरा भागातल्या ज्या रेल्वेच्या शाळेत ती पहिलीचा वर्ग घ्यायची, तिथं नवे हेडमास्तर खरे म्हणून येणार असं कळलं, तेव्हा बाई हरखून गेली. पहिल्याच दिवशी पदर सावरून त्यांच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, आपलं माणूस आलं! मूळ गाव कोणतं आपलं? रत्नागिरीकडचे का तुम्ही?"

खरेजी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बहनजी, हम बाँदा के कायस्थ हैं. आपने जो कहा, उसमें 'गाव' समझ में आया, बाकी आप फिर से कहिए."

झाशीत हे असं व्हायचंच. बुंदेलखंडात खरे कायस्थांतही असतात, ही गोष्ट तिच्या सासरी घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होती. ग्वाल्हेरहून आलेल्या सुनेला तेवढी नव्हती. या फजितीवरून बाईनं एक धडा घ्यायला हवा होता, की घरातला शब्द घराबाहेर पडला की त्याचं गोत्र बदलतं. तो तिनं घेतला नाही, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

चांदोरकरांचं घर खंडेराव गेटाच्या आत. त्यांचे पूर्वज पेशवाईत कारकुनी करायला इकडे आले, ते इथलेच होऊन गेले. भानुमतीचे सासरे बापूराव घरात शुद्ध मराठीचा आग्रह धरत, आणि भाजीवाल्याशी भांडण लागलं की अस्सल बुंदेलीत भांडत. तिचा नवरा शशिकांत स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून होता. त्याचं मराठी म्हणजे खिचडी: "अगं, जरा जल्दी चहा टाक, गाडी राइट टाइम आहे." बापूराव कपाळाला हात लावायचे. भानुमती हसायची आणि चहा टाकायची.

आता तिच्या गळ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथं होतं. लहानपणी ती फार छान गायची. आठ-नऊ वर्षांची असताना घटसर्प झाला. जीव वाचला, पण गळा वाचला तो बोलण्यापुरताच. गाताना वरच्या सुराकडे निघाली की आवाज एके ठिकाणी फाटायचा. पायरी चुकलेल्या माणसासारखा एकदम खाली यायचा आणि धडपडत पुन्हा वर चढायचा. तिला शिकवणारे बुवा भले होते. त्यांनी तिला जवळ बसवून पेटीवर तिची बोटं ठेवली आणि म्हणाले, "गळा नाही तर नाही, पोरी. आता ही गाईल तुझ्याऐवजी." तेव्हापासून पेटी हाच तिचा गळा झाला. हात असा काही तयार झाला की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी.

लग्न होऊन झाशीला आली तेव्हा पहिल्याच गणपतीत, सगळ्या मराठी घरांसमोर, आनंदाच्या भरात तिनं आरतीला मोठ्यानं आवाज दिला. आवाज नेमका नेहमीच्या जागी फाटला. दोन-तीन बायका पदरात हसल्या. बापूराव हलकेच म्हणाले, "सूनबाई, तू आपली पेटी धर. गायला माणसं पुष्कळ आहेत." त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं असेल. ते दुसऱ्या दिवशी विसरलेही. ती विसरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिनं मूठ जी मिटली ती मिटलीच. माणसांसमोर गाण्यासाठी तोंड उघडायचं नाही. गणपतीच्या दिवसांत मंडळाची पेटी वाजवायची, एरवी तीही बापूरावांच्या खोलीत कुलपात.

शाळेत मात्र तिचं मन बेचैन व्हायचं. वर्गातली पोरं रेल्वेत अंगमेहनत करणाऱ्या खलाश्यांची, फायरमनची, गेटमनची. शाळेच्या मागंच लोको शेड. पोरांच्या कानावर दिवसभर दोनच गोष्टी पडायच्या, इंजिनांचा खडखडाट आणि मोठ्यांचं "चुप्प रओ". भानुमतीनं एक गंमत पाहिली होती. बाहेर इंजिनानं शिट्टी दिली की पाटीवर अक्षरं गिरवता गिरवता पोरं त्याच सुरात "ऊऽऽ" करायची. तोच सूर, कणभर इकडे नाही की तिकडे नाही. गेंदा नावाची एका खलाश्याची मुलगी तर मान वरही करायची नाही. पाटी पुसत असायची आणि तोंडातून शिट्टी बरोबर निघायची. भानुमतीला वाटायचं, अरे, एवढे कान घेऊन ही लेकरं जन्माला आलीत आणि आपण यांना नुसते पाढे घोकायला लावतोय. आपल्या वाट्याला आलं ते गाणं गळ्यातच अडकलं, निदान यांच्या तरी गळ्यातून ते बाहेर यावं. हे तिला इतकं मनापासून वाटायचं की कधीकधी पोळी लाटताना लाटणं हातात तसंच राहायचं.

शेवटी धीर करून ती खरेजींकडे गेली. मुलांना गाण्याचा एक तास हवा म्हणाली.

खरेजी सरळ माणूस. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं सांगायचेही. "देखिए बहनजी," ते म्हणाले, "ड्रिल के घंटे में से आधा आपको दे देता हूँ. लेकिन सालाना जलसे तक. जलसे में बड़े साहब आते हैं. बच्चों का गाना उन्हें जँच गया तो गाने का घंटा पक्का. नहीं जँचा तो फिर वही ड्रिल. और सामान क्या लगेगा? सोचकर बताइए, साल में एक ही चीज़ मिलेगी."

"बस एक पेटी," भानुमती म्हणाली. "पुरानी भी चलेगी. मज़बूत हो. पेटी के बिना तो मैं सिखा ही नहीं पाऊँगी."

"बस? एक पेटी?" खरेजींना आश्चर्य वाटलं. त्यांना वाटलं होतं, बाई तबले, तंबोरे, सतरंज्या मागेल. किती समजूतदार बाई, आधी सामान ठेवायची सोय बघते! "हो जाएगा, बहनजी. समझिए हो गया."

आता यात चूक कुणाची म्हणायची? भानुमतीचं हिंदी चांगलं होतं. बाजारात ती हिंदीत घासाघीस करायची, वर्गात हिंदीत शिकवायची. पण गाणं तिच्या आयुष्यात कधी हिंदीत आलंच नव्हतं. गाणं म्हणजे माहेर, बुवा, गणपती आणि पेटी. तिकडच्या लोकांत त्या वाद्याला बाजा म्हणतात किंवा हारमोनियम म्हणतात, हे तिनं हजारदा ऐकलं असेल. पण नेमक्या वेळी तोंडातून आला तो घरचा शब्द.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके सकाळी दोन खलाशी काहीतरी अवजड वाहून घेऊन आले. वर ताडपत्री टाकलेली. खरेजींनी पहिलीचा अख्खा वर्ग बाहेर बोलावला, भानुमतीला पुढं उभं केलं आणि स्वतःच्या हातानं ताडपत्री ओढली.

खाली काळ्या रंगाची लोखंडी पेटी होती. गार्डसाहेब गाडीवर जाताना हमाल डोक्यावरून नेतो ना, कंदील, झेंड्या, धुक्यात रुळावर लावायचे फटाके ठेवायची, तीच. झाकणावर कुणा जुन्या गार्डाचं नाव होतं, ते घाईघाईनं खरवडलेलं. अंगाला रॉकेलचा वास.

"लीजिए बहनजी, आपकी पेटी," खरेजी अभिमानानं म्हणाले. "ऐसी मज़बूत पेटी पूरे झाँसी स्टेशन पर नहीं मिलेगी. दो बार पटरी पर गिरी है, पिचकी तक नहीं!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरेजींचा चेहरा इतका उजळला होता की त्यांना खरं सांगायचं भानुमतीच्या जिवावर आलं. "बहुत बढ़िया है जी," एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन तिनं शशिकांतला सांगितलं, तर चहा त्याच्या नाकातून बाहेर आला. "अगं, करायला गेली गणपती आणि झाला मारुती! स्टेशनवर पेटी म्हणजे गार्डाचीच. मला विचारायचं ना, मी म्हटलं असतं, बाजा माँगो."

"तुम्ही तरी घरात काय म्हणता?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"घरात पेटीच म्हणतो. घरचं तोंड वेगळं, ड्यूटीचं तोंड वेगळं." मग तिचे डोळे भरलेले पाहून त्याचं हसू मावळलं. "रडू नको गं. बाबांना विचारून पाहा. मंडळाची पेटी आहे की घरात."

तिनं बापूरावांना विचारलं. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"मंडळाची पेटी खंडेराव गेटाच्या बाहेर जात नाही, सूनबाई. एकदा लक्ष्मी गेटाजवळच्या लग्नाला दिली होती, तर भात्यात अर्धा लाडू घेऊन परत आली. वर्षभर मुंग्या निघत होत्या." मग त्यांनी विचारलं, "आणि पेटी नसली तर तू शिकवणार कशी? गाऊन?"

"तसंच करावं लागेल, मामंजी."

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" बापूराव म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

भानुमती त्या रात्री नीट जेवली नाही. तिच्यासमोर दोनच रस्ते होते. तास सोडून द्यायचा, म्हणजे पोरांच्या गळ्यातलं गाणं शिट्ट्यांपुरतंच राहणार. नाहीतर इतकी वर्षं मिटलेली मूठ उघडायची, तीही भर वर्गात. लहान मुलांइतकं निर्दय हसणारं या जगात कुणी नाही, हे मास्तरणीला कुणी सांगायची गरज नसते.

मंगळवारी पोरं सतरंजीवर बसली. तिनं एक साधं गाणं स्वतःच जुळवलं होतं, दोन ओळींचं:

आँगन उतरी धूप सयानी,
चिड़िया माँगे दाना-पानी.

पहिली ओळ खालच्या सुरातली. ती तिनं कशीबशी पार पाडली. दुसऱ्या ओळीत "पानी"तला "पा" वर चढायचा होता. तिनं डोळे मिटले, गायली आणि "पा"वर आवाज नेहमीसारखा फाटला, खाली आला, धडपडून वर गेला. डोळे न उघडता ती हशाची वाट पाहत राहिली.

हशा आलाच नाही. तिनं डोळे उघडले. पोरं तोंडं उघडी टाकून तिच्याकडे बघत होती. मग गेंदा म्हणाली, "बहनजी, एक बेर औ."

ती पुन्हा गायली. मग पोरं गायली. नंतर त्या काळ्या पेटीवर पाळीपाळीनं दोन-दोन पोरांनी ठेका धरला. ती चांगली घुमायची, म्हणजे अगदीच फुकट गेली नव्हती. तास संपल्यावर भानुमती घरी गेली ती जवळजवळ उड्या मारतच. रस्त्यात मेथीची जुडी विकत घेतली आणि घासाघीस करायचीसुद्धा विसरली. शशिकांतला म्हणाली, "हसलं नाही हो कुणी. एकसुद्धा नाही." तो म्हणाला, "हसतील कशाला? त्यांना काय माहीत तुझा आवाज बिघडलाय ते." हे वाक्य त्या दिवशी तिला फार गोड लागलं. त्याच्यात काय दडलंय ते थंडी पडल्यावर कळलं.

झालं असं. एका संध्याकाळी शाळेतून उशिरा निघून ती क्वार्टर्सच्या कडेनं चालली होती. नळावर गेंदा भांडी घासत होती आणि गात होती. "चिड़िया माँगे दाना..." भानुमती कौतुकानं थांबली. "पानी" आलं आणि गेंदाचा तो लख्ख, निरोगी, चांदीच्या वाटीसारखा आवाज नेमका "पा"वर फाटला. खाली आला. धडपडून वर चढला.

पुढच्या तासाला भानुमतीनं स्वतः न गाता एकेकाला उठवून गायला लावलं. सगळ्यांचं तेच. अख्ख्या वर्गाचा आवाज त्याच जागी, तसाच फाटत होता. घटसर्प तिला झाला होता आणि खोकत होती ही लेकरं.

तिनं दुरुस्ती करायचा जिवापाड प्रयत्न केला. "यहाँ टूटना नहीं है, बच्चो. सीधा ऊपर जाना है." पोरं माना डोलवायची आणि म्हणायची, "आप गाके बताइए बहनजी." ती गायची, फाटायची, पोरं हुबेहूब उचलायची. पेटी असती तर तिनं एक बोट ठेवून सरळ सूर दाखवला असता. गार्डाच्या पेटीतून तो कसा निघणार? दुसरं गाणं घेऊन पाहिलं, तर वरचा सूर आला की त्यातही तेच. आणि आता तर वस्तीत जो तो ते पहिलं गाणं गुणगुणायला लागला होता. कोळसा उचलणाऱ्या बायका गात होत्या, एक म्हातारा गेटमन फाटक ओढताना गात होता आणि सगळेजण "पा"वर इमानेइतबारे फाटत होते.

जलसा आठवड्यावर आला, तेव्हा ती खरेजींपुढे जाऊन उभी राहिली. "खरेजी, गाने का घंटा बंद कर दीजिए. मैं बच्चों को बिगाड़ रही हूँ."

"बिगाड़ रही हैं? क्या हुआ?"

तिनं सांगितलं. त्यांना कळेना. मग तिनं दार लोटलं आणि त्यांच्यासमोर ती ओळ गाऊन दाखवली. इतक्या वर्षांत मोठ्या माणसासमोर ती पहिल्यांदाच गात होती, तेही स्वतःचा दोष दाखवायला. गाताना गाल गरम झाले आणि शेवटी डोळ्यांतून पाणी आलं.

खरेजींनी चष्मा काढून पुसला. "बहनजी, झूठ नहीं बोलूँगा. मुझे न तब पता चला कि गलत है, न अब पता चल रहा है. मेरे लिए तो सब एक है. पर आप कहती हैं तो होगा." मग चष्मा पुन्हा घालत म्हणाले, "घंटा बंद करना है तो मैं कर दूँगा. लेकिन बच्चों से आप ही कहिएगा. मुझसे नहीं कहा जाएगा."

ती तशीच वर्गात गेली, सांगायचं ठरवूनच. दार उघडलं तर पोरं आधीच ओळीत उभी. छाती पुढं, हात मागं, कुणी केसांना ओला हात लावून भांग पाडलेला. कुणीही न सांगता ती जलशाची तालीम करत होती. भानुमती दारात उभी राहिली. शेवटी ती पुढं झाली आणि म्हणाली, "चलो, पहली लाइन से."

जलशाला मांडव घातला होता. पुढं खुर्च्यांवर बडे साहेब आणि त्यांची बायको, मागं सतरंज्यांवर वस्तीतले आईबाप. चांदोरकरांकडून शशिकांत आला होता, आणि भानुमतीचं धाबं दणाणावं म्हणूनच की काय, काळी टोपी घालून, काठी टेकत बापूरावही आले होते. झाशीतल्या मराठी मंडळींत त्यांच्याइतका सुराला कडक माणूस दुसरा नव्हता. आरतीत कुणी बेसूर झालं तर ते टाळ वाजवायचं थांबवून त्याच्याकडे बघत राहायचे.

पोरं उभी राहिली. तिनं हात वर केला. "आँगन उतरी धूप सयानी..." चाळीसेक कोवळे गळे एका दमात निघाले, आणि मांडवातली कुजबूज बंद झाली. "चिड़िया माँगे दाना..." भानुमतीनं नजर जमिनीत रुतवली. "पानी" आलं. सगळा वर्ग एका क्षणी, एका जागी फाटला, खाली आला, वर चढला.

मागच्या सतरंज्यांवरून लोकांनी तीच ओळ पुन्हा उचलली. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना गाणं येत होतं, म्हणून ते गायले. तेही तिथंच फाटले. साहेबांची बायको साहेबांना म्हणाली, "कितनी प्यारी मुरकी डाली है इन छोटे-छोटे बच्चों ने!" सुराची ती मुद्दाम घेतलेली गिरकी समजून साहेबांनी मान डोलवली. खरेजींनी साहेबांकडे पाहून तेवढीच मान डोलवली. गाण्याचा तास तिथल्या तिथं पक्का झाला.

भानुमतीला आनंद व्हायला हवा होता. पण परत येताना टांग्यात ती अंग चोरून बसली होती. दुनियेला फसवता येतं, शेजारी बसलेल्या सासऱ्याला कसं फसवणार? टांगा किल्ल्याच्या उतारावर आला तरी बापूराव गप्प. शशिकांत काहीबाही बोलून पाहत होता, त्यालाही त्यांनी हात करून थांबवलं.

"सूनबाई," अखेर ते म्हणाले. "ती मुरकी नव्हती."

"नाही, मामंजी."

"तो तुझा आवाज होता. त्या गणपतीत ऐकला होता मी."

तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"चाळीस पोरं चुकली," बापूराव म्हणाले. "पण एका जागी चुकली. एकसारखी चुकली. केसाचाही फरक नाही. अगं, इतकं बरोबर गाणारी चार माणसं मला मंडळात मिळत नाहीत! काय कान आहेत त्या पोरांचे, आणि काय मेहनत घेतलीस तू." त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "मी तुला पेटी धर म्हणालो होतो. तसं म्हणायला नको होतं मी."

भानुमतीनं पदर तोंडाला लावला आणि टांगा खंडेराव गेटाशी येईपर्यंत रडली. शशिकांत टांगेवाल्याला उगाचच म्हणत राहिला, "आराम से चलो भैया, कोई जल्दी नहीं."

होळीनंतर नवीन वर्षाचं सामान मागवायची वेळ आली. या खेपेला खरेजींनी कसलाही धोका पत्करला नाही. स्वतः रेल्वेच्या भांडारात जाऊन तिथल्या माणसाला हातवारे करून सांगितलं, "हारमोनियम! बाजा! जिसमें हवा भरते हैं! जो बजता है!" आणि खरोखरच एके दिवशी गवताच्या पेंढ्यात गुंडाळलेली, नव्या पॉलिशचा वास येणारी पेटी शाळेत उतरली. भानुमतीनं तिच्यावरून हात फिरवला. माहेरचं कुणी भेटावं तसं तिला झालं. आता सगळं नीट होईल, ती मनात म्हणाली. ज्या कानांनी चूक इतकी हुबेहूब उचलली, ते बरोबर सूरही तितकाच हुबेहूब उचलतील. आपलं दुखणं आता या लेकरांच्या गळ्यातून कायमचं काढून टाकायचं.

तिनं पोरांना भोवती बसवलं. "अब तुम लोग सिर्फ़ सुनो. आज बाजा गाएगा." भाता उघडला आणि तेच गाणं वाजवायला घेतलं. बोटं किती दिवसांनी मनासारखी पळाली. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली. "पानी"वर सूर सरळ वर चढला, कुठंही न अडखळता, जसा तिच्या लहानपणी, दुखण्याच्या आधी चढायचा तसा.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. चुळबुळ सुरू झाली. शेवटी गेंदा उभी राहिली.

"बहनजी, जो बाजा गलत बोल रओ."

"कहाँ गलत बोला?"

"पानी पे." आणि गेंदानं लगेच गाऊन दाखवलं, फाटून, खाली येऊन, वर चढून. बाकीच्यांनी माना डोलवल्या. जणू म्हणत होते, असं असतं, बहनजी.

भानुमतीनं भाता मिटला. जे सांगायचं तिनं जन्मभर टाळलं होतं, ते आता या एवढ्याशा पोरांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "सुनो बच्चो," ती म्हणाली. "बाजा सही है. गलत मैं हूँ. जब मैं तुम्हारे जितनी थी, तब मेरा गला बीमार हो गया था. तबसे मेरी आवाज़ वहाँ टूट जाती है. तुमने मुझसे सीखा, इसलिए तुम्हारी भी टूटती है. बाजा जैसा गाता है, वैसा ही गाना चाहिए."

पोरांनी ते नीट ऐकून घेतलं. गेंदा पुढं आली, पेटीपाशी उकिडवी बसली, वर्गात नव्यानं आलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा तिच्या चकचकीत लाकडावर हात ठेवला आणि भानुमतीला धीर देत म्हणाली,

"तो का भओ, बहनजी. अबै नओ है. सीख जैहै."